बोअरचं पाणी पिणारे पंचवीस मतदार

बुधवारी सकाळी सव्वासात वाजता डेल्मर टिलिसने ओटच्या लापशीची वाटी बाजूला सारली, बायकोच्या सह्यांचे कागद पुढे ओढले आणि पाच मिनिटांत एकतीसपैकी अकरा सह्या बाद केल्या.

“ही गेली,” पेन्सिलीने खूण करत तो म्हणाला. “हा गेला. हे दोघं नवराबायको गेले. बर्निस गेली.”

“बर्निस कशी गेली? काल संध्याकाळी तिनं मला पीचची पिशवी दिली!”

“जिवंत आहे गं. पण शहरात आहे. तिच्या गॅरेजच्या डाव्या अंगाला, झुडपाखाली, शहराच्या पाण्याचं मीटर आहे. पाणीखात्याच्या नोकरीत सव्वीस वर्षं गुडघ्यावर बसून वाचलंय मी ते.”

मार्वा टिलिसने हातातला कॉफीचा कप न पिताच खाली ठेवला.

ओहायो राज्याची राजधानी कोलंबस आमच्या फ्रँकलिन काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मधोमध आहे आणि गेली सत्तर वर्षे ती चहूकडे पसरते आहे. पसरण्याची रीत साधी: शहराचा नळ हवा असेल तर जमीन शहरात घाला. ज्यांना नळ हवा होता ते गेले. ज्यांचा बोअर चांगला होता ते टाउनशिपमध्ये, म्हणजे जुन्या ग्रामीण हद्दीत, राहिले. त्यामुळे आमच्याकडे हद्द रस्त्याने जात नाही, ती घराघरांमधून जाते. हॅडली टाउनशिपचा नकाशा सुरवंटाने खाल्लेल्या पानासारखा दिसतो. हिवाळ्यात बर्फ ढकलणारा शहराचा ट्रक येतो, मध्येच फाळ उचलतो, चार घरे तसाच पुढे जातो आणि पाचव्या घरापाशी फाळ पुन्हा टेकवतो. एरवी मात्र फरक कळत नाही. टपालाचा पत्ता सगळ्यांचा कोलंबसचाच, मुले एकाच शाळेत, रविवारचे चर्चचे जेवण एकत्र. मार्वाने एकोणतीस वर्षे शाळेची बस चालवली होती. जी मुले आपल्या बसमध्ये चढली त्यांचे आईबाप आपल्याच टाउनशिपचे, असे तिने धरून चालले होते.

टाउनशिपचा कारभार पाहणाऱ्या विश्वस्ताच्या पदासाठी मतपत्रिकेवर नाव यायचे तर टाउनशिपमधल्याच पंचवीस नोंदणीकृत मतदारांच्या सह्या लागतात. तिच्याकडे आता वीस होत्या. मुदत त्याच दिवशी दुपारी चारला संपत होती.

“हे तू मला आज सांगतोस?”

“तू कागद मला आज दाखवलास.”

हे खरे होते. डेल्मरला बायकोचे हे निवडणुकीचे खूळ मान्य नव्हते. जुलैच्या सुरुवातीला वाद मिटावा म्हणून त्याने कोऱ्या कागदाच्या पहिल्या ओळीवर सही केली आणि त्यानंतर त्या कागदाकडे पाहिले नाही. वाद त्याच्यामुळेच सुरू झाला होता. दोन वर्षांपूर्वी टोमॅटोच्या वाफ्याजवळ त्याच्या छातीत कळ आली, तो कोसळला आणि टाउनशिपच्या अग्निशमन केंद्राची रुग्णवाहिका चार मिनिटांत आली. आता विश्वस्त क्लाइड स्पँगलर ते केंद्र जानेवारीत बंद करणार होता. टाउनशिपचे विश्वस्त तीन. एक बंद करण्याच्या बाजूचा, एक विरोधातला आणि तिसरा क्लाइड. या वर्षी निवडणूक फक्त क्लाइडच्या जागेची होती, आणि सोळा वर्षांत त्याच्याविरुद्ध कुणी अर्जच भरला नव्हता.

“ऊठ,” मार्वा म्हणाली. “बूट घाल.”

“डॉक्टरांनी उन्हात जायला मनाई केलीय.”

“गाडीत गारवा आहे. तुला उतरायचं नाहीये. तू फक्त बोट दाखवायचं, बोअर कुठं आणि मीटर कुठं.”

“म्हणजे मी नकाशा.”

“बोलका नकाशा. तेवढं बोलणं कमी कर.”

आठला ते निघाले. ऑगस्टचा पहिला आठवडा, सकाळीच शर्ट पाठीला चिकटत होता. डेल्मर खिडकीला नाक लावून बसला आणि त्याचे बोट चालू झाले. “शहर. शहर. शहर. हा बोअर, पण हा गेल्या वर्षी वारला. शहर. थांब, ती निळ्या दाराची. बोअर.”

निळ्या दाराचे घर होदान वारसामेचे होते. सोमालियातून आलेली, दोन मुलगे मार्वाच्या बसमधून शाळेत गेलेले. होदानने कागद उलटसुलट पाहिला आणि परत दिला.

“मिस मार्वा, याच्यावर सही केली तर माझं घर शहरात जातं का?”

“नाही गं. उलट.”

“मागच्या महिन्यात एक टाय लावलेला माणूस असाच कागद घेऊन आला होता. म्हणाला, नुसती सही करा, नळ मिळेल. मी म्हटलं, माझ्या बोअरला काय झालंय? तर म्हणाला, पाण्यात लोखंड आहे.”

“मग?”

“मी म्हटलं, लोखंड आहे म्हणूनच माझी पोरं सहा फुटांची झालीत.”

गाडीतून डेल्मर मोठ्याने हसला. होदानने मार्चमध्येच नागरिकत्व घेतले होते आणि त्याच आठवड्यात मतदार म्हणून नोंदही केली होती. तिने सही केली, मग नवऱ्याला हाक मारून त्याचीही करून घेतली. पत्ता लिहिताना त्याने शहराचे नाव लिहायच्या जागी पेन थांबवले.

“इथं कोलंबसच लिहायचं ना?”

“टपालाचा पत्ता असेल तोच लिही.”

“मग मी कुठं राहतो?”

“ते मला आज सकाळीच कळलंय,” मार्वा म्हणाली.

बावीस.

त्यानंतर चार तास काहीच हाती लागले नाही. बुधवार होता, लोक कामावर गेलेले. दारावरची घंटा वाजत होती, आतून कुत्री भुंकत होती. एका घरात टीव्ही चालू होता आणि दार उघडायला कुणी येत नव्हते. एका घरापुढे ट्रकखाली निजून कुणी काम करत होता, नुसते पाय दिसत होते. त्या पायांनी सांगितले, “मी मत देत नाही. मतदार यादीत नाव घातलं की कोर्टात ज्युरीवर बोलावतात.”

“ते लायसन्सवरूनही बोलावतात,” मार्वा म्हणाली.

पाय क्षणभर थांबले. “मग लायसन्स पण सोडतो,” असे म्हणून पुन्हा हलू लागले.

मार्वा दर दहा मिनिटांनी घड्याळ पाहत होती. निवडणूक कार्यालय काउंटीच्या उत्तरेला, हॅडली दक्षिणेला. तीनला निघालेच पाहिजे, असे तिने सांगितले, मग म्हटले पावणेतीनला, मग पुन्हा तीनला. एका चौकात तिने आधी उजवीकडे वळायचा दिवा लावला, मग डावीकडचा, आणि सरळ गेली.

“बसमध्ये पण असंच चालवायचीस?” डेल्मरने विचारले.

“बसमध्ये शेजारी कुणी बोलत नसायचं. तसा नियमच होता.”

साडेबाराला त्यांनी गाडीतच सँडविच खाल्ले. डेल्मरने आपल्या वाट्याचे सॉसेज काढून तिच्या ब्रेडमध्ये घातले, मग अर्धे परत घेतले. एक वाजता नर्स म्हणून रात्रपाळी करणाऱ्या ट्रिना बोगनला मार्वाने झोपेतून उठवले. तिने डोळे न उघडता सही केली आणि दार लावता लावता विचारले, “कशाबद्दल आहे हे?”

“बंबाचं केंद्र.”

दार पुन्हा उघडले. “त्यासाठी असेल तर दोनदा करते.”

“एकदाच चालते, बाळा. झोप.”

तेवीस.

अडीच वाजता ते ओपरमनच्या शेतावर पोचले. हॅडलीतले हे शेवटचे मोठे शेत. तिन्ही बाजूंनी गोदामे उभी राहिली होती आणि मध्ये सोयाबीन. लुएला ओपरमनने सही केली, पण स्वयंपाकघरातून सोडेना. मक्याची कणसे नेल्याशिवाय जायचे नाही, असा तिचा हट्ट. मार्वाने कागद अडकवलेली फळी गाडीच्या टपावर ठेवली आणि कणसांची पोती उचलायला पुन्हा आत गेली. ती बाहेर आली तेव्हा लुएलाचा नवरा जीन गवत कापायच्या गाडीवर बसून कुंपणापासून दूर जात होता आणि डेल्मर फळी मांडीवर घेऊन सीटवर बसला होता.

“जीननं केली,” तो म्हणाला. “पंचवीस.”

मार्वाने त्याच्या टकलावर थाप मारली आणि गाडी चालू केली. तीन वाजून दोन मिनिटे झाली होती. त्या आनंदात तिने पुढचे काही विचारले नाही.

आमची काउंटी दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायला रस्ता मोकळा असेल तर वीस-पंचवीस मिनिटे लागतात, आणि तेरा लाख माणसे असलेल्या काउंटीत तो मोकळा नसतो. आधी सोयाबीन, मग गोदामे आणि त्यांच्यापुढे ट्रकांच्या रांगा. मग शहराभोवतीचा वर्तुळाकार महामार्ग. त्याच्या आत जुन्या जर्मन वस्तीची लाल विटांची घरे, तिथल्या एका घराच्या किमतीत हॅडलीत तीन येतात. मग विधानभवन. समोरच्या हिरवळीवर कुणीतरी फलक घेऊन उभे होते, कशाबद्दल ते गाडीतून वाचता आले नाही. नदीच्या पुलाजवळ एक लेन बंद होती आणि अकरा मिनिटे तिथेच गेली. मार्वा स्टिअरिंगवर बोटे वाजवत राहिली. पुढे विद्यापीठाचे प्रचंड स्टेडियम आले, फुटबॉलच्या सामन्याच्या शनिवारी त्यात हॅडलीसारख्या चार टाउनशिप बसतील एवढी माणसे बसतात. या सगळ्या लोकांपैकी एकाचीही सही तिच्या उपयोगाची नव्हती.

“हळू,” डेल्मर म्हणाला.

“गप्प.”

तीन छत्तीसला ती निवडणूक कार्यालयात शिरली. थंडगार दालन, भिंतीवर घड्याळ, एक लांब बाक, दोन खिडक्या. उभ्या उभ्या टेबलावर टेकून तिने अर्जाच्या शेवटचे प्रतिज्ञापत्र भरायला घेतले. सह्या गोळा करणाऱ्याने ते भरायचे असते. एकूण सह्यांची संख्या लिहायची, ती चुकली तर सगळा कागद बाद होऊ शकतो. आणि तिच्या वर छापलेले वाक्य: यातली प्रत्येक सही माझ्या डोळ्यांसमोर झाली आहे.

ती थांबली.

“डेल. जीननं सही केली तेव्हा मी कुठं होते?”

“आत. कणसं उचलत होतीस.”

“म्हणजे कागद तू नेलास.”

“कुंपणापर्यंत. वीस पावलं. तुझे पाय वाचवले.”

“तुला उतरायचं नाही म्हटलं होतं ना!”

“मला वाटलं, ते हृदयासाठी.”

मार्वाने कागद त्याच्यासमोर धरला. खाली ठळक अक्षरांत लिहिले होते की खोटे प्रतिज्ञापत्र हा गंभीर गुन्हा आहे. डेल्मरने ते वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले. मग आवाज खाली आणून म्हणाला, “पण सही तर जीनचीच आहे. खोटी थोडीच आहे? कुणाला कळणार?”

“तुला कळलंय. मला कळलंय. आणि तुझं तोंड मला माहीत आहे.”

ती खिडकीपाशी गेली. आतल्या बाईला तिने विचारले, एक सही अशी असेल तर काय करायचे.

“मॅडम, मी सल्ला देऊ शकत नाही,” बाई सौम्यपणे म्हणाली. “दाखल करण्याआधी तुम्ही सही खोडू शकता. एकदा दाखल केलं की काही घालता येत नाही, काही काढता येत नाही. आणि चार वाजता दार बंद होतं.”

मार्वाने पेन घेतले आणि जीन ओपरमनच्या नावावर सरळ रेघ ओढली. चोवीस. तीन चव्वेचाळीस. डेल्मर भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता, पण रंग ठीक होता, हे तिने आधी पाहून घेतले.

“शेंगदाणे?” कुणीतरी विचारले.

बाकाच्या टोकाला क्लाइड स्पँगलर बसला होता, मांडीवर भाजलेल्या शेंगांची कागदी पिशवी, पायाशी रुमालावर टरफले. त्याचा स्वतःचा अर्ज तो जूनमध्येच भरून मोकळा झाला होता. पण दर चार वर्षांनी, शेवटच्या दिवशी, दोन ते चार तो या बाकावर बसतो, आपल्याविरुद्ध कोण येतो ते पाहायला. आजवर कुणी आले नव्हते.

“किती कमी पडतात?” क्लाइडने विचारले.

“तुला काय करायचंय?”

“मी बसलोय पाच फुटांवर, मार्वा. कान शाबूत आहेत. एक ना?”

मार्वा त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने डेल्मरकडे पाहिले. “क्लाइडचं घर?”

“बोअर,” डेल्मर म्हणाला. “एकशे वीस फूट. पाणी जरा खारट.”

“खारट नाही,” क्लाइड म्हणाला.

“मी प्यायलोय.”

मार्वाने फळी क्लाइडच्या पुढे धरली. दालनातल्या दोन-तीन माणसांनी मान वळवली. खिडकीतल्या बाईने टायपिंग थांबवले.

“तू वेडी आहेस,” क्लाइड म्हणाला. पण फळी त्याने घेतली आणि वाचायला लागला. पहिल्या ओळीपासून, एकेक नाव. घड्याळात तीन सत्तेचाळीस.

“क्लाइड, ते नंतर वाच.”

“न वाचता मी कशावरही सही करत नाही. म्हणून तर सोळा वर्षं टिकलोय.” त्याने पान उलटले. “ट्रिना बोगन पण? तिच्या गल्लीतला खड्डा मी बुजवला.”

“केंद्रासाठी केली तिनं.”

“केंद्रासाठी.” क्लाइडने चष्म्यावरून पाहिले. “दर वर्षी पाच-दहा घरं शहरात जातात. उरलेल्या घरांवर किती दिवस बंब ठेवायचा? शहराचं केंद्र सहा मिनिटांवर आहे.”

“आमचं चार मिनिटांत आलं.”

“दोन मिनिटांसाठी एवढं?”

“डेल्मरला विचार.”

क्लाइडने डेल्मरकडे पाहिले. डेल्मरने खांदे उडवले. “मी तेव्हा घड्याळ बघत नव्हतो,” तो म्हणाला. मग, “आणखी दोन मिनिटं मला नको होती, क्लाइड. एवढं आठवतंय.”

तीन पन्नास. क्लाइडने एक शेंग फोडली, दाणे खाल्ले नाहीत, हातातच ठेवले.

“मी सही नाही केली, तर रविवारी चर्चमध्ये काय सांगणार आहेस?”

“काय घडलं ते.”

“आणि माझ्या बायकोला?”

“तिला तर आजच.”

“ती म्हणते, चारदा निवडून आलो हे सांगूच नकोस. कुणी उभंच नव्हतं, तर निवडलं कुणी?” त्याने हातातले दाणे पिशवीत टाकले, बोटे पँटला पुसली. “पेन दे. आणि इकडे बघ, नाहीतर ही पण खोडशील.”

मार्वाने डोळे न हलवता पाहिले. त्याने नाव लिहिले, पत्ता लिहिला, तारीख घातली, सगळे रेखीव. मग तिने खोडलेली सोडून बाकीच्या सह्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, तिसऱ्यांदा खिडकीतल्या बाईकडे पाठ करून मोजल्या. शहरातल्या अकरा धरून छत्तीस. तिने आकडा लिहिला आणि खाली सही केली. तीन छप्पन्नला खिडकीतल्या बाईने शिक्का मारला.

बाहेर पार्किंगमध्ये क्लाइडने आपल्या तापलेल्या गाडीचे दार उघडून आधी काचा खाली केल्या. “ऑक्टोबरमध्ये सभागृहात समोरासमोर बोलावं लागेल,” तो म्हणाला. “आकडे घेऊन ये. मी आणणार आहे.”

“आणीन.”

“आणि मी तुला हरवणार आहे.”

“बघू,” मार्वा म्हणाली.

पुढचे बारा दिवस तिला झोप नव्हती. तिच्याकडे नेमक्या पंचवीस सह्या होत्या, एक जरी गळली तरी सगळे संपले. ती स्वयंपाकघरात उभी राहून नावे म्हणायची, मग अंगणात जाऊन तीच नावे पुन्हा म्हणायची. ट्रिनाने सही डोळे मिटून केली होती. होदानच्या नवऱ्याच्या नावाचे स्पेलिंग यादीत वेगळे असले तर? डेल्मर म्हणायचा, मीटर खोटं बोलत नाही. ती म्हणायची, मीटर सही करत नाही.

तेराव्या दिवशी कार्यालयाचे पत्र आले. छत्तीस सह्यांपैकी पंचवीस वैध. पण त्या डेल्मरच्या पंचवीस नव्हत्या. त्याने पक्का धरलेला एक शेजारी मतदार यादीतच नव्हता. आयुष्यभर मत देतो असे सांगत आला होता. आणि पेन्सिलीने बाद केलेली बर्निस वैध निघाली. तिच्या गॅरेजची जमीन शहरात होती, घराची नव्हती.

डेल्मरने पत्र दोनदा वाचले. “सव्वीस वर्षं,” तो म्हणाला, “मी तिचं मीटर शहरात वाचलं आणि ती झोपायची टाउनशिपमध्ये.”

मार्वा ऐकत नव्हती. टेबलावर अग्निशमन केंद्राच्या तीन वर्षांच्या फेऱ्यांची यादी पसरली होती. किती वाजता फोन आला आणि किती वाजता गाडी पोचली, याचे दोन रकाने ती पट्टी लावून ओळीने तपासत होती. अजून एकशे चाळीस ओळी बाकी होत्या.